फॉर्म १-अ मध्ये नसलेला प्रश्न : अवजड वाहनांचे चालक आणि हृदयविकार

ट्रक, बस किंवा टँकरचं लायसन काढताना आणि पुढे दर वेळी रिन्यू करताना डॉक्टरांचा दाखला लागतो. त्याचं नाव फॉर्म १-अ. छोटासाच कागद आहे. नजरेत दोष आहे का, असला तर चष्म्याने जातो का, २५ मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी ओळखता येते का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, हातापायात काही व्यंग आहे का, एवढं त्यात विचारलेलं असतं. रक्तगट ऐच्छिक. शेवटी डॉक्टर ज्या मजकुराखाली सही करतात त्यात म्हटलं आहे की, अर्जदाराला तपासताना दूरची नजर, ऐकण्याची क्षमता, हात, पाय आणि सांधे यांकडे आपण विशेष लक्ष दिलं आहे. छातीचा उल्लेख नाही. रक्तदाबाचा नाही. अ‍ॅटॅक येऊन गेला का, स्टेंट बसवलाय का, हे विचारायला त्या कागदावर जागाच नाही.

सोलापुरात हा कागद घरोघरचा आहे. पुण्याहून हैदराबादला जाणारा रस्ता, म्हणजे जुना नऊ नंबर आणि आताचा ६५, गावावरून जातो. विजापूरकडे उतरणारा ५२ इथेच त्याला भेटतो. कांद्याच्या हंगामात हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डाबाहेर रात्रभर गाड्या उभ्या असतात. आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू, सगळीकडचे नंबर दिसतात, आणि त्यांत एमएच-१३ वाले आपले. माझे मामा त्यातलेच, स्वतःची एक दहाचाकी. २०२२ साली त्यांना अ‍ॅटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. पुढच्या वर्षी लायसनची मुदत संपत होती म्हणून ते मेडिकल करून आले आणि खुशीत सांगत होते, ‘डोळे बघितले, हात वर करायला लावले, सही केली. छातीला नळी पण लावली नाही बघ.’ त्यांना हायसं वाटलं होतं. माझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून या नियमांचा मागोवा घेत गेलो आणि एक गोष्ट कळली, जी मला आधी अजिबात ठाऊक नव्हती. हृदयाचा प्रश्न आपल्या कायद्यात एके काळी होता, आणि तोही अगदी स्पष्ट शब्दांत.

ब्रिटनमध्ये १९३० च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने परवाना मागणाऱ्याला स्वतःच्या प्रकृतीबद्दल लेखी घोषणा करायला लावली. एकाएकी भोवळ येणं किंवा शुद्ध हरपणं हा परवाना नाकारण्याचा आधार ठरला. आपल्याकडे त्याआधी १९१४ चा मोटार कायदा होता. तो मोजक्या मोटारींच्या काळातला. मालवाहू गाड्या आणि भाड्याच्या बसगाड्या वाढल्यावर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात परवाना मुळीच देऊ नये अशा रोगांची यादी होती. पहिलं अपस्मार, मग वेड, आणि तिसऱ्या क्रमांकावर ‘भोवळ किंवा मूर्च्छा एकाएकी आणू शकेल असा हृदयरोग’.

त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वैद्यकीय दाखल्याचा नमुना होता. तो वाहतुकीच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी आणि पगारी ड्रायव्हरांसाठी. त्यात डॉक्टरांना सरळ विचारलं होतं की, चालक म्हणून काम करताना अडथळा येईल असा हृदयाचा किंवा फुप्फुसाचा काही विकार या माणसाला आहे का? दारू-तंबाखूच्या अतिरेकाबद्दलही प्रश्न होता. ज्या काळात गावोगावच्या डॉक्टरांकडे ईसीजीचं मशीन नव्हतं, नळी आणि नाडी एवढ्यावरच भागवावं लागत होतं, त्या काळातला हा प्रश्न. उत्तर कितपत अचूक येत असेल ते सोडा. पण विचारायचं डॉक्टरांनी आणि त्याखाली सही करायची तीही डॉक्टरांनी, हे ठरलेलं होतं.

यातला ‘भोवळ किंवा मूर्च्छा’ हा भाग महत्त्वाचा आहे. हृदयरोग आहे म्हणून कुणी वाईट ड्रायव्हर होत नाही. धोका असतो तो भर वेगात एकाएकी शुद्ध जाण्याचा. अ‍ॅटॅकनंतर हृदयाच्या स्नायूवर व्रण राहतो, त्या व्रणापाशी ठोक्यांची लय बिघडू शकते आणि मेंदूला रक्त पोचणं काही सेकंदांत थांबू शकतं. पंपाची ताकद, म्हणजे टूडी-इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ’ म्हणून जो टक्का लिहिलेला असतो तो, जितका कमी तितका हा धोका जास्त. शिवाय औषधं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी रक्तदाब झटकन खाली आणते. घरी खुर्चीत बसून ती घेणं वेगळं, आणि मोहोळच्या पुढे ऐंशीच्या वेगात असताना घेणं वेगळं.

१९३९ चा कायदा जवळजवळ पन्नास वर्षं चालला. १९८८ चा नवा कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम १ जुलै १९८९ पासून लागू झाले. रोगांची यादी कायद्याच्या परिशिष्टातून गेली. कलम ८ मध्ये एक सर्वसाधारण वाक्य आलं : लोकांना किंवा प्रवाशांना धोका होईल असा रोग वा व्यंग अर्जावरून किंवा दाखल्यावरून दिसलं, तर परवाना नाकारावा. नमुने नियमांकडे गेले. नियम ५ प्रमाणे खाजगी गाडीवाल्याने फॉर्म १ मध्ये स्वतःच घोषणा करायची, आणि ट्रान्सपोर्टच्या गाडीसाठी डॉक्टरांचा फॉर्म १-अ जोडायचा. भोवळ आणि एकाएकी शुद्ध हरपणं यांचा प्रश्न फॉर्म १ मध्ये आहे, ‘कोणत्याही कारणाने’ असं म्हणून. आजच्या फॉर्म १-अ मध्ये मात्र तो नाही. म्हणजे घरची चारचाकी चालवणाऱ्याला जे विचारलं जातं, ते सोळा टन कांदा घेऊन घाट उतरणाऱ्याच्या दाखल्यावर डॉक्टरांना विचारलेलंच नाही! हृदयाचं जे काही सांगायचं ते चालकाने आपल्या तोंडाने सांगायचं.

नमुने नियमांत असल्याचा एक फायदा असतो. ते बदलायला संसदेत जावं लागत नाही, राजपत्रातली अधिसूचना पुरते. जून २०२० मध्ये तसं झालंही. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना मिळावा म्हणून फॉर्म १ आणि १-अ दोन्ही बदलले. डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन केलेला, माणसांचा रोजगार वाचवणारा चांगला बदल होता तो. नजरेचं शास्त्र पुढे गेलं तसा कागदही पुढे गेला. हृदयाचं शास्त्र तर त्याहून कितीतरी पुढे गेलं आहे.

आणि सोलापूरपुरतं बोलायचं तर ते २०१२ सालीच दारात येऊन उभं राहिलं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. उरलेल्या महाराष्ट्राला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २०१७ पासून हीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर अँजिओप्लास्टी आणि बायपास होऊ लागली. याआधी ड्रायव्हरला अ‍ॅटॅक आला की दोनच वाटा असत : माणूस जायचा, नाहीतर जमीन किंवा गाडी विकून पुण्याला जायचं. आता तो चार-सहा दिवसांत घरी येतो आणि महिन्याभरात बरं वाटायला लागतं. हप्ता थकलेला असतो, गाडी दारात उभी असते. या योजनेने किती घरं वाचवली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, मामांचंही त्यात आलं. पण स्टेंट बसवलेला माणूस किती दिवसांनी अवजड गाडीवर बसू शकतो, कोणती तपासणी झाल्यावर बसू शकतो, हे सांगणारी एकही ओळ मोटार वाहन नियमांत आली नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘जड काम टाळा’ लिहिलेलं असतं. स्टिअरिंग धरणं हे जड काम आहे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

इतर देशांनी हे कसं ठरवलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात बंदीपेक्षा परतीची वाट जास्त आहे. कॅनडातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला. चार गोष्टींचा गुणाकार करायचा : माणूस किती वेळ गाडी चालवतो, गाडी केवढी आहे, वर्षभरात त्याची शुद्ध एकाएकी हरपण्याची शक्यता किती, आणि हरपली तर कुणाला इजा होईल अशी शक्यता किती. घरची गाडी चालवणारा वर्षातल्या एकूण वेळापैकी चार टक्के वेळ चाकामागे असतो असं धरलं, धंद्याचा चालक पंचवीस टक्के. मोठ्या गाडीचा मारही कितीतरी जास्त. हिशोबाअंती निघालं की, रस्त्यावरच्या लोकांना धोका सारखाच ठेवायचा असेल, तर खाजगी चालकाला वर्षाला साधारण २२ टक्क्यांपर्यंतची शक्यता चालते आणि धंद्याच्या चालकाला फक्त १ टक्का. पंचवीस टक्के म्हणजे रोज सहा तास, तेही वर्षाचे ३६५ दिवस. आपल्याकडे कांद्याच्या किंवा उसाच्या हंगामात सहा तासांवर कोण उतरतं?

ब्रिटनमध्ये आज ट्रक-बसवाल्याला अ‍ॅटॅकनंतर किमान सहा आठवडे थांबावं लागतं. मग ट्रेडमिलवर नऊ मिनिटं, ब्रूसच्या पद्धतीने चढ आणि वेग वाढवत, चालून दाखवायचं. ईएफ किमान ४० टक्के लागतो. बायपास असेल तर थांबणं तीन महिन्यांचं, पेसमेकरला पुन्हा सहा आठवडे. रक्तदाब सतत वरचा १८० किंवा खालचा १०० च्या पुढे असेल, तर आटोक्यात येईपर्यंत गाडी बंद. आतून शॉक देणारं डिफिब्रिलेटर बसवलं असेल, तर मात्र अवजड गाडी कायमची सुटते. अमेरिकेत चालकाचा वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो आणि २०१४ पासून तो केवळ नोंदणीकृत, खास परीक्षा दिलेल्या तपासनीसानेच द्यायचा असतो. आपल्याकडे ट्रान्सपोर्टच्या लायसनची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. हेलपाटे वाचले, हे खरं. पण डॉक्टर आणि चालक समोरासमोर येण्याचं जे एकमेव निमित्त होतं, तेही लांबलं.

आपल्या कायद्यात अधिकारांची कमतरता नाही. कलम १६ प्रमाणे, चालक रोगामुळे अपात्र आहे असं मानायला आधार असेल तर परवाना अधिकारी केव्हाही नवा दाखला मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. कलम १८६ खाली प्रकृती बरी नसताना गाडी चालवण्याचा दंड २०१९ मध्ये दोनशेवरून हजार झाला, पुढच्या वेळी दोन हजार. पण हे अधिकाऱ्याला कळणार कुठून? ज्या हॉस्पिटलात स्टेंट बसतो तिथल्या कागदांचा आणि आरटीओचा काही संबंध येत नाही. बोलेल तर चालक. आणि त्याने का बोलावं? बोलला तर गाडी बंद, आणि किती दिवस बंद हे कुठे लिहिलेलं नाही. सहा आठवडे थांब, ट्रेडमिल पास हो आणि परत ये, असं सांगणारा नियम असता तर मामा थांबले असते असं मला वाटतं. अंतच माहीत नसताना हप्ता भरणारा माणूस थांबत नाही.

एसटीच्या चालकाला निदान एक संस्था पाठीशी असते. त्याच्या बाबतीत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. ही तरतूद १९९५ च्या कायद्यात होती आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २० मध्ये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या एका रंगांधळ्या चालकाला पर्यायी नोकरी द्यायला लावली. पण २०१६ च्या कायद्यात ज्या २१ अवस्थांची यादी आहे, तिच्यात हृदयविकार नाही. डोळा गेला तर हक्काने दुसरी खुर्ची मागता येते, हृदय कमजोर झालं तर साहेबांच्या मर्जीवर.

कामाच्या तासांचा कायदाही जुना होता. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा : दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता, त्यामुळे एकटा गाडीमालक-चालक कायमच बाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या आरोग्य-सुरक्षेच्या संहितेत कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे, मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांतल्या चालकांच्या छातीला वर्षातून एकदा तरी नळी लागेल. पण तिथेही ‘आस्थापना’ म्हणायला दहा कामगार लागतात. मार्केट यार्डाबाहेरच्या रांगेत ज्याची गाडी त्याचीच असते, क्लीनर म्हणून पुतण्या किंवा भाचा, त्याला विचारायला हा कायदाही जात नाही.

मामांचं लायसन २०२८ ला संपतं. मामीने आणि मी मिळून त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या आहेत : दर वर्षी टूडी-इको आणि ट्रेडमिल, आणि रात्रीची गाडी भाच्याकडे. पहिली त्यांनी दोनदा पाळली आहे. ईएफ ५० आहे. दुसरीवर अजून भांडण चालू आहे.