मोगलीचा सिनेमा पेंचात शूट झालेला नाही

रामटेककडून पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटवर येणाऱ्या पाहुण्यांना हौसेनं सांगतात, ‘मोगलीचं शूटिंग इथंच झालं.’ तसं झालेलं नाही. २०१६चा ‘द जंगल बुक’ लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत निळ्या पडद्यांसमोर चित्रित झाला. मोगली झालेला नील सेठी हा पोरगा खरा. बघीरा, शेरखान संगणकावर घडवलेले, आणि त्या कामाला ऑस्करही मिळालं. सिनेमामागच्या रुडयार्ड किपलिंगच्या मूळ कथांत पेंचाला लागूनचे सिवनीचे डोंगर आहेत, हा अभिमान जरूर बाळगावा. पण १८९४च्या ‘द जंगल बुक’ या पुस्तकातल्या बहुतेक कथा त्यानं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून लिहिल्या.

राजा लुईचं तर विचारूच नका! माकडांचा राजा असलेला हा ओरांगउटान डिस्नेनं १९६७च्या कार्टूनपटात घातला. ओरांगउटान भारतात रानात सापडतच नाही, आणि पुस्तकातल्या बंदरलोगांना राजाच नाही.