निपाणीचं पान आणि आंब्याच्या वासाची वाफ

तंबाखूला फुलाचा तुरा आला की निपाणी भागातला शेतकरी शेंडा खुडतो. निकोटिन बनतं मुळांत, तिथून ते पानांत चढतं. शेंडा गेला की मुळं ते जास्तच बनवतात आणि पान 'कडक' होतं. किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालणारं हे झाडाचं विष. वखारीपाशी शिंकत वाढलेल्या आमच्या पोरांना तंबाखू काय असतो ते वेगळं सांगावं लागत नाही, असा माझा समज होता.

दिवाळीत दहावीतला पुतण्या चिकोडीहून आला. त्याच्या खिशातून पेन ड्राइव्हसारखं काहीतरी पडलं. वास हापूसचा. वेप, म्हणजे ई-सिगारेट.

"काका, ह्यात तंबाखू कुठं हाय? नुसती वाफ हाय."

ओरडणार होतो, पण गिळलं. ती पाण्याची वाफ नसते. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल तापलेल्या तारेवरून बारीक थेंब होऊन उडतात, निकोटिन त्यातच विरघळलेलं. नुसतं निकोटिन घशाला झोंबतं, म्हणून बऱ्याच वेपमध्ये बेंझोइक आम्ल घालून त्याचा क्षार करतात. ठसका जातो, निकोटिन तेवढंच राहतं.

"आजोबांना पहिल्या विडीला ठसका लागला होता म्हणे. तुला?"

"नाही."

कायद्याचा धाक मी घातला नाही. २०१९ पासून देशात ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण सगळ्यालाच बंदी आहे, तरी ती त्याच्या खिशात होतीच. चोरून आलेल्या मालात नक्की काय भरलंय, हे मात्र लेबल वाचून कळत नाही.

"पण ओढलं की डोकं शांत होतंय," तो म्हणाला. खरी गोम इथंच. झुरक्यातलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, अॅसिटिलकोलीन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या जागा बळकावतं आणि बरं वाटायला लावणारं डोपामिन सुटतं. रोज ओढलं की मेंदू तशा जागा वाढवतो, कोवळ्या वयात तर हे फार लवकर होतं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, जागा रिकाम्या पडतात आणि चिडचिड सुरू होते. पुढचा झुरका ती चिडचिड तेवढी मिटवतो.

"मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला काय होतं तुला?"

तो विचारात पडला. "पाय हलत असतात."

"गेल्या वर्षी हलायचे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सोडलं तर किती दिवस असं होणार?"

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट, मग काही आठवड्यांत ओसरतं, असं मी सांगितलं. शाळा उघडायला अजून अकरा दिवस होते. ते त्यानंच मोजले.