विजेरी, खिशातील
सेलवर चालणारा, मुठीत मावणारा दिवा. बोलीभाषेत ‘टॉर्च’ किंवा नुसती ‘बॅटरी’. ‘जरा बॅटरी मार’ यातली बॅटरी ती हीच.

उगमाविषयी दोन मते आहेत. डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी अमेरिकेत पेटंट (क्र. ६१७५९२) मिळाले, त्याची मालकी कॉनराड ह्यूबर्टच्या, पुढे एव्हररेडी नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीकडे होती. नळीत एकामागे एक बसवलेले कोरडे सेल, टोकाला दिवा आणि परावर्तक ही त्यातली रचना आजही चटकन ओळखू येते. दुसरे मत खेळण्यातल्या आगगाड्यांमुळे नावाजलेल्या जोशुआ लायोनेल कॉवेनच्या बाजूचे : कुंडीतले रोप उजळण्यासाठी त्याने केलेली नळी ह्यूबर्टने घेतली, असे सांगतात. कथा गोड आहे, पण तिचा आधार मुख्यतः नंतरच्या आठवणींचा. कॉवेनचे १८९९ च्या सुमाराचे पेटंट छायाचित्रकारांची प्रकाशभुकटी पेटवण्याच्या साधनाचे असल्याने मिसेलला श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुढची जवळजवळ शंभर वर्षे तारेच्या, म्हणजे बारीक तार तापून उजळणाऱ्या, दिव्याची. १९८४ मध्ये आलेली, दोन पेन्सिल सेलवर चालणारी मिनी मॅगलाइट अत्यंत सुबक, पण तिचा प्रकाश दहा-पंधरा ल्युमेनांच्या (ल्युमेन हे एकूण प्रकाशाचे माप) घरातला. भिंतीवर टाकलेल्या पिवळ्या झोतात कड्या आणि काळे डाग दिसत.

खरा पालट १९९० नंतरचा. संशोधक शुजी नाकामुरा यांच्या निळ्या डायोडवर (एलईडी) पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणारा लेप, चढवून १९९६ मध्ये पांढरा डायोड बाजारात आला. २००६ च्या सुमारास क्री या अमेरिकी कंपनीच्या एक्सआर-ई डायोडने तारेच्या दिव्याला पुरते मागे टाकले. जोडीला १८६५० हा लिथियम-आयन सेल आला (व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी). आज बोटभर लांबीची विजेरी हजार ल्युमेन देते, हे खरोखर थक्क करणारे आहे. मात्र एवढी उष्णता लहान धातूनळीत मावत नाही. मिनिटा-दोन मिनिटांत नळी हाताला चटका देऊ लागते आणि आतले नियंत्रक मंडल प्रकाश उतरवते.

म्हणूनच आकडे वाचताना जपावे. विजेऱ्यांसाठीच्या २००९ च्या अमेरिकी एफएल-१ मानकानुसार ल्युमेन हे दिवा लावल्यावर ३० ते १२० सेकंदांत मोजतात, आणि प्रकाश एक-दशांशावर येईपर्यंतचा वेळ ‘चालण्याचा काळ’ धरतात. झोताचा पल्ला म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप), साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो ते अंतर. १०,००० कँडेलाला (कँडेला हे एका दिशेतील झोताच्या तीव्रतेचे माप) तो २०० मीटर भरतो. ४०० मीटरसाठी ४०,००० कँडेला लागतात. पल्ला ठरतो तो कँडेलावर, एकूण ल्युमेनांवर नव्हे.

जाणकार शौकीन हल्ली रंगदर्शन निर्देशांक (रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी माप) आधी पाहतात. निचिया या जपानी कंपनीच्या २१९बी सारख्या, नव्वदीपुढच्या निर्देशांकाच्या डायोडखाली ओली तांबडी माती तांबडी आणि हाताची त्वचा त्वचेसारखी दिसते. स्वस्त निळसर डायोडखाली दोन्ही राखी पडतात.