साथीत डॉक्टर फोनवर : आमच्या दवाखान्यात हे कसं चालतं

साथ आली की दवाखान्यातली बाकं ही सगळ्यांत धोक्याची जागा होते. बीपीची गोळी बदलून घ्यायला आलेले आजोबा तापाने फणफणलेल्या माणसाशेजारी तासभर बसून राहतात. म्हणून साथ असेपर्यंत आम्ही रांगच दोन ठिकाणी करतो. हात लावून तपासावं लागतं, त्यांनी दवाखान्यात यावं, बाकीच्यांनी फोनवर.

हे काही आमच्या मनाचं नाही. 25 मार्च 2020 ला देशात फोन आणि व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची नियमावली निघाली. तोवर फोनवर औषध सांगावं की नाही, ही धाकधूक डॉक्टरांनाही असायची.

जुनं शुगर-बीपी, रिपोर्ट दाखवणं, अंगावरचं पुरळ, ताप-खोकल्याचे पहिले दिवस, एवढं फोनवर नीट होतं. पोटात एकाच जागी कळ मारत असेल तर या. पोट दाबून पाहिल्याशिवाय आम्ही काही बोलणार नाही.

पहिल्यांदा फोन करत असाल तर शक्यतो व्हिडिओच लावा. माणूस वाक्य पूर्ण बोलतो की मध्येच दम घेतो, हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कूलर तेवढा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण त्या घरघरीत तुमच्या छातीची घरघर कुठून ऐकू येणार? लहान मुलांजवळ घरातलं मोठं माणूस हवंच. काटोल-उमरेडला आईबाबा आणि मुलगा पुण्यात, असं असेल तर मुलालाही कॉलवर घेतो; मात्र बोलणं आईबाबांशीच होईल.

आता ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र. फोनवर आमचे हात म्हणजे तुमचे आकडे, म्हणून ते खरे हवेत. पाच मिनिटं शांत बसा. नेलपॉलिश किंवा मेंदी असलेलं बोट नको, गार पडलेलं बोट चोळून गरम करा. आकडा लगेच वाचू नका, स्थिर झाला की वेळेसकट वहीत लिहा. कोरोनात काहींचा ऑक्सिजन उतरलेला असायचा आणि माणूस मात्र "मी बरा आहे" म्हणत चहा पीत बसलेला असायचा. त्यामुळे एका आकड्यापेक्षा सकाळ-संध्याकाळचा उतार आम्हाला जास्त सांगतो.

बसून आकडा 94 किंवा वर असेल, तर घरातच सहा मिनिटं चाला. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं, तेही कुणी सोबत असताना. चालल्यावर आकडा 93 च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त घसरला किंवा धाप लागली, तर त्याच वेळी फोन करा. बसल्या जागीच 94 च्या खाली असेल, तर चालून पाहू नका.

चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं बघा. गुंगीची, सवय लागणारी काही औषधं फोनवर लिहायला नियमानेच मनाई आहे. त्यासाठी आग्रह करू नका. आणि शेजाऱ्याची चिठ्ठी बघून स्टेरॉइड तर मुळीच घेऊ नका. ऑक्सिजन लागत असलेल्या कोरोना रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचवलं, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. 2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे गेले, त्यामागे वाढलेल्या शुगरइतकाच या बेहिशेबी स्टेरॉइडचाही हात होता.

छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, ओठ निळे पडणं, बोलताना बरळणं किंवा सारखी गुंगी, यातलं काहीही दिसलं तर आमच्या फोनची वाट पाहू नका. 108 लावा, ती गाडी फुकट आहे. गाडी येईपर्यंत रुग्णाला बसतं ठेवा, किंवा जमत असेल तर पालथं झोपवा. गरोदर बाईला मात्र पालथं नको, डाव्या कुशीवर ठेवा. बरोबर आकड्यांची वही द्या.

बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. डॉक्टर फोनवर "मेडिकलला न्या" म्हणाले, तर त्याचा अर्थ औषधाचं दुकान नाही. नागपुरात मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. हा घोळ आमच्याकडे झालेला आहे.

फी प्रत्यक्ष तपासणीइतकीच. त्याच दुखण्यासाठी तीन दिवसांत पुन्हा फोन केला तर पैसे नाहीत. वेळा आणि नंबर मागच्या शिक्क्यात आहेत. कॉल मध्येच तुटला तर तुम्ही लावू नका, दोघांचेही फोन बिझी लागतात. आम्हीच लावतो.