बालसाहित्यातून भाषाशिक्षण (प्राथमिक वर्ग, सातारा-सांगली)

पहिली ते चौथीच्या वर्गात गोष्टी, बडबडगीतं, चित्रपुस्तकं वापरून मुलांना ऐकायला, बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकवणं म्हणजे बालसाहित्यातून भाषाशिक्षण. पाठ्यपुस्तकातला धडा घेणं यात येत नाही, आणि गोष्ट संपल्या संपल्या तात्पर्य विचारणं तर नाहीच नाही.

मराठी बालसाहित्याची सुरुवात कुठून धरायची यावर मतभेद आहेत. तंजावरला सरफोजी राजांच्या आश्रयाने सख्खन पंडितांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, ते बालबोधमुक्तावली साधारण १८०६ चं, म्हणून बरेच जण पहिला मान तंजावरला देतात. बंगालमधल्या सेरामपूरला वैजनाथ पंडितांची सिंहासनबत्तिशी, पंचतंत्र, हितोपदेश ही पुस्तकं १८१४-१५ च्या सुमारास छापली गेली, पण ती खरंच मुलांसाठी होती की नव्याने आलेल्या साहेबांना मराठी यावी म्हणून, हा प्रश्न राहतो आणि दुसरी शक्यताच जास्त वाटते. तिसरं नाव मुंबईच्या सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं, इसापनीती, १८२८ च्या आसपास. वर्गातला वापर हा निकष लावला तर माप छत्र्यांकडेच झुकतं, कारण ते पुस्तक शाळांसाठीच तयार झालं होतं. अर्थात तेव्हाचा वापर बहुधा पाठांतराचाच असावा. त्याआधी पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर ओनामासीधं गिरवायचे, ते ॐ नमः सिद्धम् चं रूप. कुणी ते जैन परंपरेशी जोडतं, कुणी 'सिद्धो वर्णसमाम्नायः' या कातंत्र व्याकरणाच्या पहिल्या सूत्राशी.

आजचा वाद वेगळा आहे, आधी अक्षर की आधी गोष्ट. देवनागरीत व्यंजनं ३४ धरली तरी नुसत्या बाराखडीनेच चारशेच्या वर रूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. एकटा र घ्या: रस, सूर्य, चक्र, राष्ट्र, आणि साताऱ्याच्या पोराला स्वतःच्या जिल्ह्याचं नाव चालवायचं तर साताऱ्यातला तो अर्धा र, म्हणजे पाच चेहरे. हे सगळं गोष्टी ऐकून आपोआप येईल असं मानणं धाडसाचं आहे. पण सगळी मुळाक्षरं, मग काना, मग मात्रा असं करत वर्ष घालवायचं आणि तोवर वाचण्यासारखं काहीच हातात द्यायचं नाही, हेही मुलांवर अन्यायाचंच. अक्षरं थोडी थोडी गटाने शिकवायची, त्यांचे लगेच अर्थाचे शब्द करायचे आणि गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून वाचून दाखवायच्या, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

या भागात यावर पायाभूत काम फलटणला झालं. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पीएचडी केली, तिथे कित्येक वर्षं राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि प्रगत शिक्षण संस्था व तिची शाळा कमला निंबकर बालभवन उभं केलं. घरी पानी, लोनी म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात पाणी, लोणी दिसतं. त्याला ण-न चा फरक कानालाच नसेल तर ती शुद्धलेखनाची चूक म्हणायची की बोली, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा. बालसाहित्याचा खरा उपयोग इथेच आहे, पुस्तकाची भाषा वाचायच्या आधी कानावरून जाते.

वर्गात हे कसं चालतं तर बाई पुस्तक मुलांकडे तोंड करून धरतात, ओळीखालून बोट फिरवत वाचतात, पान उलटायच्या आधी थांबतात, आता काय होईल विचारतात. माण-आटपाडीकडचं एखादं पोरगं म्हणतं, "त्यो कोकरू हुडकाया जाईल." पुस्तकात 'शोधायला' असतं. चांगल्या बाई फळ्यावर हुडकाया तसंच लिहितात, शेजारी शोधायला, आणि दोन्ही वाचून घेतात. मुलाचं वाक्य खोडून सुधारून लिहिलं की पुढच्या वेळी ते बोलत नाही.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा गेल्या दशकात ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे मुलं स्वतः करून बघत शिकतात या पद्धतीसाठी, गाजल्या, राज्यभरातून शिक्षक बघायला आले. ४ मे २०१७ पासून महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, तिथे बालसाहित्यही आहे. पण रोजचा प्रश्न वर्गातल्या पुस्तकांचा. पुस्तकं येतात, रजिस्टरला नोंदतात, फाटलं तर भरून कोण देणार म्हणून कपाटात जातात. काही शाळांनी दोरी बांधून पुस्तकं त्यावर टांगली, मुलांच्या हाताच्या उंचीवर. फाटतात, पण फाटलेलं पुस्तक वाचलं गेलेलं असतं.

सांगली जिल्ह्यात जतकडे चित्र बदलतं, तिथे अनेक घरांत कन्नड बोलतात आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. मराठी शाळेत आलेल्या अशा मुलाला आधी चित्रावर कन्नडमध्ये बोलू द्यावं लागतं, मराठी शब्द मागून येतात. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून येणाऱ्या मुलांचंही तसंच, चार-पाच महिन्यांत जेवढ्या गोष्टी कानावर पडतील तेवढ्या, मग ती परत जातात.