घोड्याचा जबडा आणि साखरेचा हिशेब

ग्लुकोमीटरवरचा आकडा 140 वरून 100 वर आला की आपण म्हणतो, साखर उतरली. उतरली खरी, पण गेली कुठे? स्नायूंनी घेतली, मेंदूने घेतली, की यकृतानेच रक्तात साखर सोडताना हात आखडता घेतला? तो आकडा यातलं काहीच सांगत नाही. खात्यातली शिल्लक पाहून खर्च कळत नाही. मधल्या काळात जमा किती झाली तेही ठाऊक लागतं. आणि इथली शिल्लक तरी केवढी? सुमारे 5 लिटर रक्तात, डेसिलिटरला 90 मिलिग्रॅमने, साडेचार ग्रॅम ग्लुकोज. जेमतेम चमचाभर.

या प्रश्नाला सरळ हात घातला तो शोव्हो आणि काउफमान या जोडीने, 1887 मध्ये फ्रान्समध्ये. त्यांनी घोड्याच्या जबड्याच्या स्नायूतून बाहेर पडणारं रक्त तपासलं. घोडा गवत चावू लागला की त्या रक्तातली साखर चांगलीच घटायची. म्हणजे काम करणारा स्नायू साखर ओढून घेतो. इन्सुलिनचा शोध लागायला तेव्हा अजून 34 वर्षं होती!

पद्धत आजही तीच आहे: धमनीतून आत किती गेली, शिरेतून बाहेर किती आली, यांतला फरक काढायचा. पण नुसत्या फरकावर विसंबलं तर फसगत होते. समजा, पायाच्या धमनीत डेसिलिटरला 90 आणि शिरेत 88 मिलिग्रॅम साखर आहे. फरक 2. विश्रांतीत मिनिटाला 0.3 लिटर रक्त वाहत असेल तर पायाने मिनिटाला 6 मिलिग्रॅम साखर घेतली. व्यायामात रक्त 6 लिटर वाहू लागलं आणि फरक 2 च राहिला, तर तोच पाय 120 मिलिग्रॅम घेतोय. वीसपट! म्हणून फरकाला रक्तप्रवाहाने गुणावंच लागतं. शिवाय शीर कुठली निवडली तेही महत्त्वाचं. हाताच्या वरवरच्या शिरांत बरंचसं रक्त कातडीतून आलेलं असतं, स्नायूचं रक्त खोलवरच्या शिरेत सापडतं. 1956 मध्ये रूबिन अँड्रेस आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या कोपरापुढच्या हातावर हे मोजलं. उपाशीपोटी, स्वस्थ पडलेला स्नायू साखरेवर फारसा चालतच नाही, असं त्यात निघालं. त्याचं मुख्य इंधन चरबी.

मग जेवणानंतर, इन्सुलिन वाढल्यावर काय होतं? ते मोजायला आलेली युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. गळक्या टाकीतून किती पाणी जातंय ते कसं शोधाल? पातळी हलू न देता वरून पाणी ओतत राहायचं आणि ओतलेलं मोजायचं. क्लॅम्प म्हणतात तो हाच. एका शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडायचं, सोबत 20 टक्के ग्लुकोजचं सलाईन. दुसरा हात गरम पेटीत ठेवायचा, म्हणजे त्या हाताच्या शिरेतलं रक्त जवळपास धमनीसारखं होतं. दर 5 मिनिटांनी त्यातला नमुना तपासायचा आणि साखर 90 च्या आसपास राहील असं सलाईन कमीजास्त करायचं. हे किमान दोन तास चालतं. (इन्सुलिन लबाड असतं, नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं. म्हणून त्या द्रावणात माणसाचं स्वतःचं थोडं रक्त किंवा अल्ब्युमिन मिसळतात.)

शेवटी सलाईनचा वेग मिनिटाला 2.1 मिलिलिटरवर स्थिरावला, तर मिनिटाला 420 मिलिग्रॅम ग्लुकोज जातंय. माणूस 70 किलोचा असेल तर किलोमागे 6. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात हाच आकडा 2 वर अडकू शकतो. एवढ्या इन्सुलिनपुढे यकृत बहुतांशी गप्प झालेलं असतं, त्यामुळे ओतलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंतच जातो. पद्धतीचा सविस्तर लेख 1979 चा. राल्फ डीफ्रॉन्झोंसोबत त्यावर त्याच अँड्रेस यांचं नाव आहे.

पण कुठल्या स्नायूने किती घेतली, हे क्लॅम्प सांगत नाही. त्यासाठी स्नायूला चक्क फसवावं लागतं. ग्लुकोजच्या रेणूत किंचित फेरफार करून त्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडतात. पेशी त्याला साखर समजून नेहमीच्याच दाराने आत घेते, त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्काही मारते, पण पुढे ते पचवता येत नाही. रेणू आत अडकतो आणि पेट स्कॅनमध्ये (किरणोत्सारी रेणू शरीरात कुठे साचलेत ते दाखवणारी तपासणी) चमकतो. घाई मात्र करावी लागते, कारण दर 110 मिनिटांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. शिवाय हा नकली रेणू खऱ्या ग्लुकोजइतक्याच वेगाने आत जात नाही, त्यामुळे हिशेबात एका गुणांकाने दुरुस्ती करावी लागते.

कर्करोगासाठी हाच स्कॅन करताना स्नायूंची ही भूक नको असते. म्हणून रुग्णाला उपाशी ठेवतात आणि इंजेक्शननंतर तासभर हालचाल न करता पडून राहायला सांगतात. गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. च्युइंगगम चघळलं तर गालाच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके लखलखतात: 1887 च्या त्या घोड्याचा होता, तोच जबड्याचा स्नायू.