जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार: आधी कागद, मग पाना (व्हिंटेज नोंदणीची माहिती)

घरची जुनी एमजीए किंवा ट्रायम्फ स्पिटफायर जालन्याच्या मोंढ्यातल्या गोदामात ताडपत्रीखाली उभी असली, की पहिला फोन मेकॅनिकला जातो. तो फोन चार दिवस पुढे ढकला. व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्राने जुलै 2021 मध्ये काढले, आणि आपल्याकडे अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा गॅरेजमध्येच.

पात्रता अशी: पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, परदेशातून आणलेलीही चालते. गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको.

इथेच मराठवाड्यातली जुनी सवय नडते. ॲम्बॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन आणि सुरुवातीच्या एमजीएचं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. त्यामुळे मूळ इंजिन निकामी झालं की मेकॅनिक ॲम्बॅसिडरचं उचलून बसवतो. गाडी चालते, पण ती मूळ रूपात राहत नाही. ॲम्बॅसिडरचे सुटे भाग दुरुस्तीला जरूर शोधा, पण नंबर असलेला इंजिनाचा मूळ ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग) कितीही खर्च आला तरी जपा. झिजलेले सिलिंडर लेथवाल्याकडून बोअर करून, म्हणजे आतून कातून, घेता येतात. ब्लॉक भंगारात गेला तर परत मिळत नाही.

बी-सिरीज इंजिनाचा नंबर ब्लॉकला रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. आमच्या गाडीची पट्टी एका गॅरेजात पॉलिश पेपरने घासली गेली आणि शेवटचा आकडा पुसट झाला. अजून हळहळ वाटते. रॉकेलमध्ये भिजवलेलं मऊ फडकं अर्धा तास ठेवलं असतं तरी ग्रीस सुटलं असतं. नंबर मोकळा झाला की फोटो काढा, मग कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. खोलण्याआधी चेसिस, बॉडी आणि इंजिनाचे तारखेसह फोटो काढून ठेवा. इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. अर्जाला ते सक्तीचं नाही, तरी गाडी मूळ आहे हे सांगायला त्याच्याइतका भक्कम कागद नाही.

आता अर्ज. फॉर्म 20 परिवहन पोर्टलवर भरायचा. सोबत चालू विमा पॉलिसी, शुल्क, भारतात आधी नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक आणि आयात केलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचं 5,000. राज्याची समिती गाडी तपासते. मान्यता मिळाली की 60 दिवसांत फॉर्म 23ए मध्ये प्रमाणपत्र द्यावं असा नियम आहे, आणि ते 10 वर्षं चालतं.

गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी आपल्या जिल्ह्याच्या आरटीओत फॉर्म 31 भरून वारसाचं नाव लावून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात, आणि भावंडांची संमती वेळेत घेतलेली बरी. विकत घेतली असेल तर फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या राज्यातून आणली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म 26 भरा. जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढलेली नसते, तेव्हा ती चढवून घ्यायला (बॅकलॉग एन्ट्री) आरटीओच्या खिडकीवर स्वतः जावं लागतं. याला सगळ्यात जास्त वेळ जातो.

आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मी तर तोच ठेवा म्हणेन. त्या तीन अक्षरी नंबरात गाडीचं अर्धं आयुष्य असतं. नव्या नोंदणीत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे येतात.

व्हिंटेज नोंदणी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तिथली ये-जा, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. रविवारी सहज दौलताबादला चक्कर मारायची इच्छा असेल, तर व्हिंटेजऐवजी नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करता येतं का, हे अर्जाआधीच आरटीओत विचारून घ्या.